श्वासाचा हिशेब : ढोबळ आणि निव्वळ

मुलुंड पूर्वेला आमच्या आक्काच्या घरी देवघराखालच्या खणात, वातींचा डबा आणि कापराची डबी यांच्या शेजारी, एक ऑक्सिमीटर ठेवलेला असतो. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढी ही वस्तू २०२० च्या उन्हाळ्यापूर्वी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली होती? आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ती घरोघरी आहे. कुणाला जरा धाप लागली की बोट पुढे करायचे, आकडा बघायचा. अठ्ठ्याण्णव म्हणजे पास, नव्वदच्या खाली म्हणजे नापास. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा हा सोपा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे.

घराबाहेरही हल्ली आकड्यांचेच राज्य आहे. दिवाळी संपली की मुंबईची हवा स्थिरावते, समुद्रावरून येणारा वारा मंदावतो, आणि पुलावरून पाहावे तर समोरचे टॉवर ताकात बुडवल्यासारखे दिसतात. मग सकाळच्या चहाबरोबर हवेच्या निर्देशांकाची चर्चा सुरू होते. आज अंधेरीला इतका, बोरिवलीला इतका. २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, पाडकामांभोवती उंच पत्रे आणि हिरवी कापडे आली, रस्त्यांवर पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या फिरू लागल्या. हे सगळे हवेच आहे. पण मला या लेखात जे म्हणायचे आहे ते थोडे वेगळे आहे. आपण बाहेरची हवा मोजायला शिकलो, बोटाच्या टोकाशी रक्तातला प्राणवायू मोजायला शिकलो. या दोन आकड्यांच्या मधे जे फुफ्फुस आहे, ते मोजायचे मात्र राहूनच गेले.

हा विषय मला पुस्तकात सापडलेला नाही. तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून आला आहे, म्हणून आधी ती चूक सांगतो.

अठ्ठ्याण्णवचा आनंद

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकर घालण्याचे काम तिचे. लग्नानंतर घाटकोपरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आधी शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह. गॅस आला तोवर मुले शाळेत जाऊ लागली होती. तिने आयुष्यात विडीकाडीला हात लावला नाही. साठी उलटल्यावर तिला जिना चढताना धाप लागू लागली. कुणी दमा म्हणाले, कुणी वय म्हणाले, कुणी वजन कमी करा म्हणाले. एक्स-रे निघाले, बाटल्या आल्या, पंप आले. पण नळीत जोराने फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची जी साधी तपासणी असते, ती तब्बल नऊ वर्षांत कुणी सुचवली नाही आणि आम्हीही विचारली नाही. मी बँकेत एकतीस वर्षे काढली. ताळेबंद पाहिल्याशिवाय कुणाला पाच हजारांचे कर्ज दिले नाही. सख्ख्या बहिणीच्या फुफ्फुसाचा ताळेबंद मात्र मी कधी मागितला नाही.

२०२४ च्या जानेवारीत तिला सर्दीखोकल्याचे निमित्त झाले. भाचा बंगळूरला, भावोजी जाऊन सहा वर्षे झालेली, म्हणून मी बोरिवलीहून तिच्याकडे राहायला गेलो. रात्री ऑक्सिमीटरने ८६ दाखवले. सोसायटीने २०२१ च्या लाटेत वर्गणी काढून घेतलेले ऑक्सिजनचे यंत्र ऑफिसात धूळ खात पडले होते. वॉचमनला उठवून ते वर आणले. कुणीतरी दोन लिटर पुरे म्हणाले होते, ते आठवत होते. पण दोनवर आकडा नव्वदच्या आसपास रेंगाळत होता. मी खटका पाचवर नेला. आकडा सरसर चढला. ९४, ९६, ९८. भाच्याला फोन करून सांगितले, "काळजी करू नकोस, अठ्ठ्याण्णव आहे."

सकाळी आक्का उठेना. डोके दुखते म्हणाली आणि पुन्हा झोपली. रात्रभर खोकून दमली असेल, म्हणून मी पांघरूण सारखे केले. दुपारी हाक मारली तर माझ्याकडे पाहून "नाना, गुरे आली का?" असे विचारले. नाना म्हणजे आमचे वडील. ते जाऊन चाळीस वर्षे झाली. त्या क्षणीही बोटावरचा आकडा ९८ च होता.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरणीने मनगटाच्या धमनीतून रक्त घेतले. दहा मिनिटांत कागद आला. निरोगी माणसाच्या धमनीत कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या चाळीस मिलिमीटरच्या आसपास असतो. आक्काचा ऐंशी होता. नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लावून श्वासाला मागून जोर देणाऱ्या यंत्रावर तिला ठेवले. तिसऱ्या दिवशी तिने चहा मागितला आणि त्यात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्या डॉक्टरणीने मला दोष दिला नाही. केसपेपरच्या पाठीमागे तिने जे गणित मांडून दाखवले, ते मला माझ्या जुन्या धंद्यामुळे लगेच कळले, आणि कळले म्हणूनच फार लागले.

दुधाची पिशवी आणि चाळीचा जिना

आपण सहज घेतो तो एक श्वास साधारण पाचशे मिलिलिटरचा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढा. पण ही सगळी पिशवी काही घरात येत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या हा सगळा येण्याजाण्याचा रस्ता आहे. रक्ताशी देवघेव होते ती रस्त्याच्या शेवटी असलेल्या वायुकोशांत. रस्त्यात अडकून तशीच परत जाणारी हवा दीडशे मिलिलिटरच्या आसपास भरते. शरीरशास्त्रात या जागेला मृत अवकाश म्हणतात. चाळीचा जिना आणि गॅलरी आठवा. सगळी वर्दळ तिथून होते, पण तिथे कुणाचा संसार नसतो.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर पाचशे हे ढोबळ उत्पन्न, दीडशे हा आस्थापनेचा खर्च, आणि साडेतीनशे निव्वळ. आता पुढचे गणित वाचकांनी जरा सावकाश पाहावे. माणूस मिनिटाला बारा श्वास घेतो असे धरू. पाचशेप्रमाणे सहा लिटर हवा आत गेली, त्यातली १८०० मिलिलिटर रस्त्यात वाया गेली, ४२०० कामाला आली. आता तोच माणूस दमला आहे, उथळ श्वास घेतो आहे. एका श्वासाला अडीचशे, मिनिटाला चोवीस. ढोबळ बेरीज तीच, सहा लिटर. पण दर श्वासामागे दीडशेची वजावट चुकत नाही. ३६०० रस्त्यात गेली आणि हाती उरली २४००. धापा टाकणारा माणूस किती जोरात श्वास घेतो आहे असे पाहणाऱ्याला वाटते, आणि निव्वळ जमा जवळपास निम्म्यावर आलेली असते.

हा झाला निरोगी फुफ्फुसातला जिना. आजारी फुफ्फुसात याहून वाईट गोष्ट घडते. काही वायुकोश असे होतात की तिथे हवा पोचते, पण रक्त पोचत नाही. खोली उघडी, दिवा चालू, भाडेकरू मात्र नाही. तीही जागा मग जिन्यातच जमा होते. धुराने कुरतडलेल्या फुफ्फुसात हे होते. रक्ताची गुठळी अडकली तर होते. कोविडच्या गंभीर रुग्णांत फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजल्यावरही हेच आढळले होते.

ही वाया जाणारी जागा मोजता येते का? येते, आणि तीही गेली सव्वाशेहून अधिक वर्षे. डेन्मार्कमधल्या ख्रिस्तियान बोर या शरीरशास्त्रज्ञाने १८९१ साली त्यासाठी एक सूत्र मांडले. अणूची रचना उलगडणारे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. सूत्र इतके सरळ आहे की कुणाही कारकुनाला झेपावे. कार्बन डायऑक्साइड फक्त वायुकोशांतून येतो, जिन्यातल्या हवेत तो नसतो. म्हणून बाहेर पडलेल्या एकूण श्वासात तो जितका पातळ झाला असेल, तितकी जिन्यातली हवा त्यात मिसळली. १९३८ साली स्वीडनच्या एंगहॉफ यांनी या सूत्रात वायुकोशांतल्या आकड्याऐवजी धमनीतल्या रक्ताचा आकडा घेतला आणि रुग्णाच्या खाटेपाशी ते वापरणे सोपे झाले. धमनीत चाळीस आणि बाहेरच्या श्वासात अठ्ठावीस, तर फरक बारा. बारा भागिले चाळीस, म्हणजे तीस टक्के वाया. हे ठीक आहे. धमनीत साठ आणि बाहेर चोवीस असेल तर छत्तीस भागिले साठ, म्हणजे साठ टक्के वाया. अशा माणसाच्या शंभर श्वासांतले साठ श्वास बुडीत खात्यात जातात.

बँकवाल्यांना हे नवे नाही. १९९२ च्या सुमारास नरसिंहम समितीच्या शिफारशींनुसार थकीत कर्जांचे नवे नियम आले, तोवर आमच्या शाखांचे आकडे कसे गुटगुटीत दिसत! न आलेले व्याजही आम्ही उत्पन्नात धरत होतो. नियम आले आणि ढोबळ कोणते, निव्वळ कोणते हे कागदावर मांडावे लागले. तेव्हा कळले की काही शाखा नुसत्याच धापा टाकत होत्या.

या आकड्याचे मोल केवळ पुस्तकी नाही. २००२ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी तीव्र श्वसनविकाराने कृत्रिम श्वासावर असलेल्या १७९ रुग्णांत मृत अवकाश मोजला. जे दगावले त्यांच्यात तो सरासरी ६३ टक्के होता, जे वाचले त्यांच्यात ५४. आजाराच्या पहिल्याच दिवशी घेतलेला हा आकडा पुढचे बरेच काही सांगून जात होता.

यंत्र खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही

आता माझ्या अठ्ठ्याण्णवकडे येऊ. वायुकोश ही ठरावीक मापाची खोली आहे. तिथे कार्बन डायऑक्साइड वाढला की प्राणवायूला जागा कमी उरते. मुंबई समुद्रसपाटीवर, म्हणजे हवेचा दाब ७६० मिलिमीटर. त्यातले ४७ फुफ्फुसातल्या वाफेचे वजा केले की उरले ७१३. त्याचे एकवीस टक्के म्हणजे दीडशे, हा आत आलेल्या प्राणवायूचा दाब. त्यातून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाची सव्वापट वजा करायची. निरोगी माणसाचे चाळीस, त्याची सव्वापट पन्नास. दीडशेतून पन्नास गेले, शंभर राहिले. झकास. आक्काचे ऐंशी, त्याची सव्वापट शंभर. दीडशेतून शंभर गेले, राहिले फक्त पन्नास. साध्या हवेवर ती असती तर ऑक्सिमीटरने बोंब ठोकली असती आणि आम्ही रात्रीच धावलो असतो.

पण मी तिला वरून ऑक्सिजन लावला होता. समजा हवेतला प्राणवायू चाळीस टक्क्यांवर गेला. ७१३ चे चाळीस टक्के २८५. त्यातून शंभर वजा केले तरी १८५ उरले, निरोगी माणसाच्याही वर! बोटावरचा आकडा म्हणूनच सुंदर दिसत होता. यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याला एकच प्रश्न विचारला होता, त्याचे त्याने खरे उत्तर दिले. दुसरा प्रश्न, म्हणजे विषारी वायू बाहेर पडतो आहे का, हा त्याला विचारलाच नव्हता आणि त्याला तो कळतही नाही.

शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढण्यात माझ्या पाच लिटरांचाही हात होता. आजारी फुफ्फुस शहाणे असते. जे वायुकोश निकामी, त्यांच्याकडचा रक्तपुरवठा ते आखडते आणि चांगल्या वायुकोशांकडे वळवते. तोट्यातल्या शाखेला हेड ऑफिस नवे भांडवल देत नाही, तसे. जास्तीचा ऑक्सिजन सोडला की तोट्यातली शाखाही फायद्यात असल्याचा भास होतो. रक्त तिकडे जाऊ लागते, आणि चांगल्या शाखेतली हवा रक्तावाचून वाया जाते. मृत अवकाश वाढतो. त्यात ऑक्सिजनने भरलेल्या रक्ताला कार्बन डायऑक्साइड वाहून नेणे अवघड जाते आणि दमलेल्या माणसाचा श्वासही काहीसा मंदावतो.

२०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर धाप लागलेल्या ४०५ रुग्णांचा एक अभ्यास झाला. रुग्णवाहिकेत काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ या पट्ट्यात राहील इतकाच मोजून. मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. याचा अर्थ ऑक्सिजन वाईट असा कुणीही काढू नये. न्यूमोनियाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टर वेगळा आकडा सांगतील, आणि ऑक्सिजनवाचून माणसे कशी तडफडली हे आपण २०२१ मध्ये पाहिले आहे. अर्थ इतकाच की ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. आपण मात्र त्याला उदबत्तीसारखे वागवतो. लावली की बरे वाटते.

शहराचे फुफ्फुस, माणसांची फुफ्फुसे

मुंबईत कुणीच फुफ्फुसे मोजली नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी सहकाऱ्यांसह सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या शहराच्या वेगवेगळ्या भागांतली आणि तुलनेसाठी एका ग्रामीण भागातली मिळून चार हजारांवर माणसे तपासली. हवा आणि खोकला, हवा आणि धाप यांची सांगड घातली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर तिथल्या वायुपीडितांच्या फुफ्फुसांचा मागोवाही याच मंडळींनी घेतला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली पीटर बार्न्स यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखाने सिगारेट न ओढणाऱ्यांच्या, विशेषतः चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांच्या या आजाराकडे जगाचे लक्ष वेधले. म्हणजे आक्काचे निदान 'लॅन्सेट'मध्ये छापून आले होते. घाटकोपर ते मुलुंड हा प्रवास त्याने केला नव्हता, इतकेच.

आणि ती एकटी नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार २०१६ मध्ये भारतात या आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे, साडेपाच कोटी रुग्ण होते. दम्याचे पावणेचार कोटी वेगळे. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा अठरा टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांच्या ओझ्यात बत्तीस टक्के. ही नुसती आकडेवारी वाटत असेल तर आपल्या उपनगरांकडे पाहावे. चुलीचा धूर गावाहून घेऊन आलेली पिढी आता सत्तरीत आहे. तिने चाळीत रॉकेलचा धूर घेतला, मुलुंडला १ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद होईपर्यंत डम्पिंग ग्राउंडचा दर्प सोसला, २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या आगीचा धूर गिळला. आता इमारती पुनर्विकासाला गेल्यामुळे खिडकीसमोर रोज एक जुनी सोसायटी पाडली जाते आहे. सूक्ष्म धूलिकणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. या दोन आकड्यांमधली तफावत कुणाच्या तरी छातीत जमा होत असते.

मोजले की बदलते, हा या शहराचा अनुभव आहे. १९९९ साली धुराने पोळलेल्या नागरिकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, समिती बसली, आणि काही वर्षांत मुंबईच्या जुन्या टॅक्स्या सीएनजीवर आल्या. तेव्हा लोकांनी हवा मोजायचा आग्रह धरला होता. आता फुफ्फुसे मोजायचा धरावा.

मागणे मोठे नाही. पालिकेच्या दवाखान्यात चाळिशीपुढच्या माणसाचा रक्तदाब आणि साखर पाहणे जसे सवयीचे होत आले आहे, तसे धाप आणि खोकल्याची तक्रार असलेल्याला एकदा त्या नळीत फुंकायला लावावे. सिटी स्कॅनच्या मानाने ते यंत्र क्षुल्लक किमतीचे आहे. प्रत्येकाचा मृत अवकाश मोजा असे मी म्हणत नाही, ते अतिदक्षता विभागाचे काम आहे. पण जुनाट आजाराच्या रुग्णाला घरी ऑक्सिजन लावण्यापूर्वी एकदा धमनीतले रक्त तपासावे, आणि घरी जाताना त्याच्या हातात त्याचा स्वतःचा आकडा द्यावा. सोसायट्यांनी आपल्या ऑफिसातली यंत्रे जरूर ठेवावीत. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिटर लिहिलेले असल्याशिवाय ती वर पाठवू नयेत. ऑक्सिजनवरचा रुग्ण झोपाळू झाला, बरळू लागला, सकाळी डोके दुखते म्हणाला, तर बोटावरचा आकडा कितीही गोंडस असो, रुग्णालय गाठावे. माझे बारा तास गेले. वाचकांचे जाऊ नयेत.

आक्का आता घरी आहे. त्या फुंकायच्या तपासणीला अखेर आम्ही गेलो. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "आजी, जोरात फुंका." आक्का म्हणाली, "अगं, चूल पेटवायला आयुष्यभर फुंकलंय, तेव्हा कुणी मोजलं नाही." मुलगी हसली. मला हसू आले नाही.

सोसायटीचे यंत्र परत गेले. भाच्याने आणलेले नवे यंत्र पलंगाशेजारी आहे. त्याच्यावर आक्काने स्वतःच्या अक्षरात, वाणसामानाच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून चिकटवले आहे : "दीड लिटर. ८८ ते ९२. बाळूने हात लावू नये."